सारथ्याची पात्रता

दान हे पुण्यकर्म होय, ही श्रद्धा हिंदू गृहस्थाच्या अंतःकरणात पिढ्यानुपिढ्या रुजलेली आहे. परंतु हातून दिली गेलेली प्रत्येक वस्तू दान ठरत नाही, आणि घडलेले प्रत्येक दान पुण्यकारक होत नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार वर्णिले असून तेथे देश, काल आणि पात्र या तीन गोष्टींचा विचार अगत्याचा मानला आहे. योग्य स्थळी, योग्य वेळी आणि योग्य व्यक्तीला कर्तव्यबुद्धीने दिलेले दान सात्त्विक होय. स्थळ, वेळ व पात्रता यांचा विवेक सोडून दिलेले दान तामस होय. देणाऱ्याचा हात कितीही सढळ असला तरी विवेकाची उणीव त्या औदार्याने भरून निघत नाही.

हा विचार वाचताना वाचकाच्या डोळ्यांपुढे अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान उभे राहते. परंतु आजच्या गृहस्थाच्या हातून एक देणे असे घडत आहे की ज्याला तो दान म्हणत नाही, आणि म्हणूनच ज्याच्या बाबतीत पात्रापात्रविचार त्याला सुचत नाही. ते देणे म्हणजे वाहनाची किल्ली. दहावीच्या परीक्षेत चांगले गुण मिळाले, वाढदिवस आला, किंवा मुलाने चार दिवस अबोला धरला, की स्कूटरची किल्ली त्याच्या हाती जाते. देणारा पिता दुष्ट नसतो. तो मुलावर प्राणापलीकडे प्रेम करीत असतो. तरीही हे देणे वात्सल्याचे की मोहाचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. कारण किल्लीसोबत मुलाला केवळ एक यंत्र मिळत नाही. स्वतःच्या आणि अपरिचितांच्या जीविताशी संबंध असलेली एक सत्ता त्याच्या हाती येते.

बंगळूरच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही वसाहत या प्रश्नाच्या विचाराला सोयीची आहे. कारण तेथे जे दिसते तेच आज भारतातील बहुतेक नगरांत दिसते. लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी ही वसाहत अनेक टप्प्यांनी विस्तारली आहे. एका अंगास कनकपुरा मार्ग, दुसऱ्या अंगास बन्नेरघट्टा मार्ग, आणि मधून जाणारा बाह्य वर्तुळ मार्ग, अशी तिची रचना. आतील रस्ते झाडांच्या सावलीचे व निवांत असतात. परंतु एक कोपरा वळला की वाहनांचा अखंड लोंढा सुरू होतो. नोकरी-व्यवसायानिमित्त येथे येऊन राहिलेल्या मराठी घरांचा अनुभव इतर घरांहून निराळा नाही. मुलाला प्रथम परवानगी मिळते ती घरासमोरच्या रस्त्यापुरती. पुढे ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते, मग पुट्टेनहळ्ळीच्या तलावापर्यंत, मग शिकवणीच्या वर्गापर्यंत. आणि एके दिवशी तोच मुलगा सारक्कीच्या चौकात बस आणि मालमोटारी यांच्यामध्ये उभा असतो. ही शेवटची परवानगी कोणी दिली, असे विचारले तर घरातील कोणालाही उत्तर देता येत नाही. ती कोणीच दिलेली नसते. ती न दिलेल्या नकारांतून आपोआप निर्माण झालेली असते.

या वर्तनाच्या समर्थनार्थ सामान्यतः चार युक्तिवाद केले जातात. त्यांचा क्रमाने विचार करणे उचित होईल.

पहिला युक्तिवाद असा की, मुलगा वाहन उत्तम चालवतो. वय कमी असले म्हणून काय झाले? येथे वाहन चालविणे आणि वाहन सांभाळणे यांतील भेद विसरला जातो. कोवळ्या वयात हात-पाय चपळ असतात, दृष्टी तीक्ष्ण असते. त्यामुळे यंत्र हाती येण्यास आठवडाही लागत नाही. परंतु पुढच्या उभ्या बसच्या आडून एखादा पादचारी अचानक बाहेर येईल, दारे मिटलेल्या मोटारीचे दार अकस्मात उघडेल, डावीकडची रिक्षा हात न दाखवता वळेल, हे ओळखण्याची बुद्धी केवळ चपळाईने येत नाही. ती पाहून, थांबून, चुकता चुकता सावरून कालांतराने येते. महाभारतातील अभिमन्यूची कथा प्रत्येक घरात ठाऊक आहे. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या त्या वीर कुमारास अवगत होती. बाहेर पडण्याची नव्हती. त्याच्या शौर्यात तिळमात्र उणीव नव्हती, उणीव होती ती शिक्षणाच्या पूर्णतेत. आणि हे ठाऊक असूनही वडीलधाऱ्यांनीच त्याला पुढे केले, आम्ही मागोमाग येतोच असे आश्वासन दिले, आणि जयद्रथाने वाट अडविल्यावर त्यांना पोहोचता आले नाही. युधिष्ठिराचा पुढील शोक हा केवळ पुतण्याच्या मृत्यूचा शोक नव्हता. अर्धशिक्षित कुमाराला आपण पाठविले, या जाणिवेचा तो दाह होता. तेथे निदान धर्मयुद्धाचा अटळ प्रसंग होता. शिकवणीला दहा मिनिटे लवकर पोहोचणे हा तसा प्रसंग म्हणता येईल काय?

दुसरा युक्तिवाद लोकरीतीचा : सर्वांचीच मुले चालवितात, मग एकट्यानेच अडवून काय होणार? अधर्माला संख्येचे पाठबळ मिळाले म्हणून तो धर्म होत नाही, हे सांगावयास नकोच. परंतु या बोलण्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. मुलाच्या रागाला, त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याला सामोरे जाण्याचे बळ पित्याच्या अंगी नसते. गीतेचा आरंभ ज्याच्या प्रश्नाने होतो त्या धृतराष्ट्राची खरी अंधता डोळ्यांची नव्हती. हितोपदेश त्याने विदुराकडून वारंवार ऐकला. तो त्याला पटतही असे. परंतु पुत्रासमोर नकार उच्चारण्याची वेळ आली की त्याची वाचा बंद होई. त्या एका न उच्चारलेल्या नकाराचे मूल्य संपूर्ण कुलाला द्यावे लागले.

तिसरा युक्तिवाद सोयीचा. वर्ग दूर आहे, आईवडील दोघेही कामावर जातात, मग मुलाने जावे कसे? ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करणे योग्य नव्हे. परंतु अडचणीचे उत्तर नेहमी जवळच्या खुंटीवरील किल्लीतच असते असे नाही. कनकपुरा मार्गावरून २०१७ पासून मेट्रोची हरित मार्गिका धावते आणि जयप्रकाश नगर याच नावाचे स्थानक तिच्यावर आहे. बस आहे, शेजारच्या तीन-चार कुटुंबांनी आळीपाळीने मुलांना पोहोचविण्याची व्यवस्था आहे, आणि पुष्कळ वेळा घराजवळचाच वर्ग निवडणे हाही मार्ग आहे. या मार्गांत वेळ अधिक जातो, हे मान्य. परंतु गेलेला अर्धा तास दुसऱ्या दिवशी परत मिळविता येतो.

चौथा युक्तिवाद उघडपणे क्वचितच मांडला जातो, परंतु तो मनाच्या तळाशी असतो : जे व्हावयाचे ते होणारच, नशिबात असेल ते चुकत नाही. हा विचार धार्मिक वाटतो म्हणूनच तो अधिक घातक आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा, आणि पाचवे दैव. दैवाचा उल्लेख तेथे आहे. परंतु तो एकटा नाही आणि पहिलाही नाही. रस्त्यावरील एखाद्या दुर्घटनेला हाच क्रम लावून पाहावा. चालविणाऱ्याचे अपरिपक्व शरीर व मन, त्याचे कर्तेपण, झिजलेल्या टायरांचे वाहन, अतिवेगाची चेष्टा, या चारींचा हिशेब झाल्यावरच पाचव्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार प्राप्त होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक. या मृतांत १८ वर्षांखालील ९,५२८ जीव होते. शंभर मृत्यूंपैकी सुमारे ७१ मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग असल्याचे त्याच अहवालात नमूद आहे. ज्याचे कारण इतके स्पष्ट आहे त्याचा भार दैवावर टाकणे ही श्रद्धा नव्हे; तो कर्तव्याचा चुकारपणा होय.

देशाचा कायदाही या बाबतीत संदिग्ध नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविता येत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळू शकतो तो केवळ ५० घन सेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीचा. आणि आज घरोघरी उभ्या असलेल्या पेट्रोलच्या स्कूटर बहुधा ११० किंवा १२५ घन सेंटीमीटरच्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम १९९-अ समाविष्ट झाले. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहन चालविताना गुन्हा घडल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी असल्याचे गृहीत धरले जाते. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. हे कृत्य आपल्या नकळत घडले, किंवा ते टाळण्यासाठी सर्व योग्य दक्षता घेतली होती, हे सिद्ध करणाऱ्या पालकाचीच त्यातून सुटका होते.

येथे विचारी मनुष्य अशी शंका घेईल की, ज्याचे कर्म त्याला त्याचे फळ, हा तर कर्मसिद्धान्ताचा पाया आहे. मग पुत्राच्या कर्मासाठी पित्याला दंड करणे न्यायाचे कसे? ही शंका वरवरची नाही; परंतु कोणाचे कर्म कोणते, हे नीट पाहिले असता तिचे निरसन होते. पित्याला पुत्राच्या कर्माचा दंड होत नाही. त्याला स्वतःच्याच कर्माचा दंड होतो. मुलाने वाहन चालविले हे मुलाचे कर्म. पात्रता नसताना साधन त्याच्या हाती दिले हे पित्याचे कर्म. दिवाळीचे दारूकाम लहान मुलाच्या हाती देऊन आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि बोट भाजले, तर त्या बोटाच्या वेदना मुलाच्या. परंतु दुर्लक्ष कोणाचे, याविषयी घरात दुमत नसते. दान देणाऱ्याला दानाचे पुण्य लागते असे ज्याने मानले, त्याला कुदानाचा दोषही लागतो हे मानणे भाग आहे.

या प्रश्नाने अवघ्या महाराष्ट्राला काही वर्षांपूर्वी हादरविले. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे एका भरधाव परदेशी मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. मोटारीवर कायमची नोंदणी नव्हती, आणि ती चालविणाऱ्याचे वय अठराच्या आत असल्याचे पोलिसांनी सांगितले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, आणि तिच्यावरून देशभर क्षोभ उसळला. पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आईवडिलांना व डॉक्टरांनाही अटक झाली. आरोपांचा निर्णय करणे हे न्यायालयाचे कार्य आहे. गृहस्थाने त्यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. लोकांचा संताप तीनशे शब्दांवर झाला, आणि तो स्वाभाविक होता. परंतु त्या रात्रीपूर्वीच्या ज्या अनेक दिवसांत ‘नाही’ हा एक शब्द उच्चारावयाचा असतो, त्या दिवसांविषयी प्रत्येक घराने स्वतःशी किती विचार केला?

मात्र केवळ नकार देऊन पित्याचे कर्तव्य संपत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली आणि परवाना हाती आला, म्हणजे पात्रता आली असेही नव्हे. पात्रता घडवावी लागते. गीतेच्या अठराव्या अध्यायातच तामस कर्माचे लक्षण सांगताना चार गोष्टींकडे पाठ फिरविल्याचा उल्लेख आहे : अनुबंध म्हणजे मागून येणारा परिणाम, क्षय म्हणजे हानी, हिंसा म्हणजे परपीडा, आणि पौरुष म्हणजे स्वतःचे सामर्थ्य. नवशिक्या चालकाला द्यावयाचे संपूर्ण शिक्षण या चार शब्दांत सामावते.

प्रथम अनुबंध. वाहनाच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे. ब्रेक दाबल्यावरही वाहन पुढे जातच असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. संकट डोळ्यांना दिसून हातापायाने ब्रेक दाबेपर्यंत सावध मनुष्यालाही सेकंद-दीड सेकंद लागतो. तेवढ्यात १७ ते २५ मीटर निघून जातात आणि थांबण्यास तर अजून आरंभच झालेला नसतो. वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यापासून थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. याच वेगात मोबाईलकडे दोन सेकंद पाहणे म्हणजे ३३ मीटर डोळे मिटून धावणे होय. म्हणून नव्या चालकाने पुढच्या वाहनापासून निदान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढचे वाहन एखाद्या खांबापाशी गेल्यावर सावकाश तीन अंक मोजावेत, आणि ते मोजून झाल्यावरच आपले वाहन तेथे पोहोचावे. पाऊस पडत असेल तर हे अंतर वाढवावे. पहिल्या सरींनी तेल व धूळ मिसळून रस्ता विशेष निसरडा होतो.

दुसरा क्षय. शरीर हे धर्मसाधनेचे पहिले साधन मानले गेले आहे. त्याची हेळसांड हा पराक्रम नव्हे. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेल्या ५०,०२९ आणि सीट-बेल्ट न बांधलेल्या १६,७१५ व्यक्ती मृत्यू पावल्या. जे. पी. नगराहून फार दूर नसलेल्या होसूर मार्गावर ‘निम्हान्स’ ही मेंदू व मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था आहे. डोक्याला मार लागलेले अपघातग्रस्त तेथे आणले जातात. कवटीतील इजा हाडाच्या इजेसारखी नसते. मोडलेले हाड सांधते, परंतु स्मृती, वाणी व स्वभाव पूर्ववत होतीलच असे नाही. म्हणून हेल्मेट मानक ब्युरोचे चिन्ह असलेले असावे, त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा, आणि मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरही ते असावे. मोटारीत मागे बसणाऱ्यांना बेल्टची आवश्यकता नाही, हा समज प्राणघातक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मागच्या आसनावर बेल्ट न बांधता बसले होते. ते दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊनही वाचले. बंगळूरच्याच कोरमंगल भागात ३१ ऑगस्ट २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर एका मोटारीच्या अपघातात सात तरुण जीव गेले. त्यांपैकी कोणीही बेल्ट बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. मोटार महाग होती, परंतु त्याचा उपयोग झाला नाही.

तिसरी हिंसा. अहिंसेचा अर्थ कोणाला मारण्याची इच्छा नसणे एवढाच घेतला तर वाहन चालविणारा प्रत्येक जण अहिंसक ठरेल. कारण कोणीही कोणाला चिरडण्याच्या हेतूने घराबाहेर पडत नाही. परंतु जो हातात अग्नी घेऊन चालतो त्याने हेतू शुद्ध आहे एवढ्यावर न थांबता ठिणगी कोठे पडते हे पाहिले पाहिजे. सकाळी तलावाकाठी फिरावयास निघालेले वृद्ध, रागीगुड्ड्याच्या मारुतीच्या दर्शनाला जाणारी कुटुंबे, शाळेची मुले, हातगाडीवर भाजी विकणारा मनुष्य, रस्त्याच्या कडेला झोपलेले कुत्रे, या सर्वांना लोखंडाचे कवच नाही. रस्त्यावर ज्याचे वाहन जड त्याचे कर्तव्यही जड. पादचारी पट्ट्यापाशी थांबणे, पदपथावरून दुचाकी न नेणे, उलट दिशेने न जाणे, शाळा व रुग्णालयाजवळ भोंगा न वाजविणे, हे नियम केवळ दंडाच्या भीतीने पाळावयाचे नसतात. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे जो देवघरात म्हणतो, त्याची परीक्षा चौकात होते.

चौथे पौरुष, म्हणजे स्वतःच्या शक्तीचे यथार्थ ज्ञान. विराटाचा पुत्र उत्तर याने अंतःपुरात, सारथी तेवढा मिळाला तर कौरवांना एकटाच जिंकीन, अशी बढाई मारली. प्रत्यक्ष सेना दिसताच तो रथातून उडी टाकून पळाला. मित्र मागे बसले की नव्या चालकाच्या तोंडी उत्तराचीच भाषा येते. परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. आणि रात्रीची वेळ व सोबत समवयस्क मित्र यांनी तो धोका वाढतो, हे अनेक देशांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. तीत नव्या चालकास आरंभी रात्री एकट्याने वाहन चालविण्यास व अनुभवी चालकाशिवाय इतरांना सोबत नेण्यास बंधन असते. जपानमध्ये परवाना मिळाल्यावर एक वर्षपर्यंत मोटारीवर हिरव्या-पिवळ्या कोवळ्या पानाचे चिन्ह लावावे लागते. आपण नवशिके आहोत हे सांगण्यात तेथे कमीपणा मानीत नाहीत. भारतात शिकाऊ चालकाच्या वाहनावर लाल ‘एल’ अक्षर लावण्याचा नियम आहे, शिकताना शेजारी परवानाधारक असण्याचा नियम आहे, आणि शिकाऊ परवान्यानंतर निदान तीस दिवसांनीच पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. हे तीस दिवस कागदाची वाट पाहण्याचे नसून अभ्यासाचे आहेत.

गृहस्थाने आपल्या घरापुरती अशीच पायऱ्यांची व्यवस्था करावी, हे उत्तम. पहिला महिना केवळ सकाळच्या निवांत वेळी, आतील रस्त्यांवर, वडीलधारे शेजारी असताना. दुसऱ्या महिन्यात गर्दीचे चौक, परंतु दिवसा. त्यानंतर पाऊस व संध्याकाळ. रात्र आणि महामार्ग सर्वांत शेवटी. पहिले सहा महिने मित्रांना सोबत घेऊ नये. झोप अपुरी असेल, मन क्षुब्ध असेल, घरात भांडण झाले असेल, तर किल्ली मागू नये आणि मागितली तरी देऊ नये. मद्याला स्पर्श झाला असेल तर वाहनाला स्पर्श नाही, हा नियम निरपवाद असावा. आणि अशा वेळी मुलाने घरी कळविले तर त्याला त्या क्षणी न रागावता घेऊन येण्याचे वचन पित्याने आधीच दिलेले असावे. रागावण्यासाठी दुसरा दिवस असतोच. भयाने लपविणारा मुलगा मात्र वाहन घेऊन निघतो.

एवढे करूनही एक गोष्ट राहिली तर सर्व व्यर्थ आहे. श्रेष्ठ जसे वागतात तसे इतर वागतात, हे गीतेतील तत्त्व वाहनाच्या मागच्या आसनावर दररोज प्रत्ययास येते. जो मुलगा चार वर्षांचा असल्यापासून पित्याला लाल दिव्यातून पुढे जाताना, मोबाईल खांद्यात धरून बोलताना, पोलीस दिसल्यावरच बेल्ट ओढून घेताना पाहतो, त्याचे चौदा वर्षांचे शिक्षण परवाना मिळण्यापूर्वीच पूर्ण झालेले असते. नंतरचा उपदेश त्यावर लेप म्हणूनही टिकत नाही. यास्तव मुलाला पात्र करण्याचा आरंभ पित्याने स्वतःच्या उजव्या पायापासून करावा.

सर्व दक्षता घेऊनही प्रसंग ओढवला, तर पळून जाणे हे दुसरे आणि पहिल्याहून मोठे पाप होय, हे मुलाला आधीच सांगितलेले असावे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळविणे हे कायद्यानेही चालकाचे कर्तव्य ठरविले आहे. ११२ आणि १०८ हे क्रमांक त्याला पाठ असावेत. दुसऱ्याच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निर्देश दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने तशा सहृदय व्यक्तीला कायद्याचे संरक्षण मिळाले. तेव्हा ‘आपण कशाला अडकावे’ ही सबब आता उरलेली नाही.

कर्नाटकातील रस्त्यांवर ठिकठिकाणी वाहने सावकाश हाकण्याची सूचना कन्नडमध्ये लिहिलेली असते. तिच्यात ‘निधान’ हा शब्द येतो. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाशपणा. मराठी माणसाच्या कानाला मात्र हा शब्द ठेव्याचा, धनाचा वाटतो. कारण संतांच्या वाणीतून त्याने तो तसाच ऐकला आहे. जे. पी. नगरातील मराठी घराने हे दोन्ही अर्थ एकत्र धरावेत. सावकाशपणा हेच धन आहे. मुलगा संध्याकाळी उंबरठ्यात चप्पल काढतो तेव्हा ते धन घरात आलेले असते.

कुरुक्षेत्रावर भगवंतांनी शस्त्र न धरता घोड्यांचे लगाम हाती धरले. पूर्णपुरुषाने ज्या कामाला कमी लेखले नाही, ते काम अपूर्ण तयारीच्या हाती सोपविण्याची घाई गृहस्थाने करू नये. मुलाला रथ अवश्य द्यावा. परंतु त्यापूर्वी त्याला सारथी करावे. तेव्हाच ते देणे सात्त्विक दानाच्या योग्यतेस पोहोचेल, आणि देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे व रस्त्यावरील अनोळखी जीवांचेही कल्याण होईल.